सटवाई, सवत आणि कारभारी

कडाव गावात देवीवाला आबाजी म्हटलं की कोण, ते शेंबड्या पोरालाही कळे. ही देवी देवळातली नव्हे, अंगावर फुटते ती. तिची लस पोरांच्या दंडात टोचायची सरकारी नोकरी आबाजीनं सत्तावीस वर्षं केली. कर्जत, नेरळ, चौक, खालापूर, खोपोली आणि यांच्या मधल्या साऱ्या डोंगरवाड्या हा त्याचा मुलूख. दसऱ्याचं सोनं लुटलं की तट्टावर पेटी बांधून तो निघे, आणि ज्येष्ठात ढग खाली उतरले की घरी येई. त्यातही पावसाळ्याचे निम्मे दिवस कर्जतच्या कचेरीत वर्षाचे तक्ते लिहिण्यात जात.

या नोकरीत तो शिरला त्यालाही कारण होतं. त्याचा पहिला मुलगा तीन वर्षांचा होऊन देवीतच गेला. दुसरा तर बारशालाही टिकला नाही. मग मुलगी झाली तेव्हा तिच्यावर कुणाची नजर पडू नये म्हणून बायकोनं नाव ठेवलं चिंधी. आबाजीनं हातात सुई धरल्यावर पहिला दंड टोचला तो या चिंधीचाच. ती जगली, वाढली, शेलूला दिली.

बायकोचं नाव सोनुबाई. घर दोन खणांचं, पण मागं परस ऐसपैस होतं. लिंबू, कढीपत्ता, मांडवावर घोसाळी आणि पडवळ, कुंपणाला घेवडा, कोपऱ्यात आपणहून उगवलेली रुई. परसाच्या शेवटी मातीचा उंच बांध आणि त्यापलीकडे भाताची खाचरं. त्या परसात सोनुबाईचा दिवस उगवे आणि मावळे. आबाजी पावसाळ्यात घरी असला की पडवीत बसे, ती परसातून काहीबाही सांगत आत येई. "आज सवत आली होती रुईवर." "कुंकवाली दिसली बघा या सालची पहिली." तो तक्त्यावरून मान वर न करता म्हणे, "बरं बरं." बायकांच्या गोष्टी, कुणी शेजारीणपाजारीण असेल, एवढंच त्याच्या मनात येई.

आता तिच्या जाण्याचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं नीट कळायचं नाही.

त्या काळी या भागात लस बाटलीतून येत नसे. एका पोराच्या दंडावर टोचलं की आठव्या दिवशी तिथं फोड टरारून येई, आणि त्यातलं पाणी घेऊन पुढच्या पोरांना टोचायचं. मग त्यांचा आठवा दिवस. दंडावरून दंडावर अशी साखळी चाले. आबाजी दर साली बुधवारी सुरुवात करी, म्हणून त्याचा आठवा दिवस नेहमी बुधवारीच येई. तो चुकला की फोड सुकला, फोड सुकला की साखळी तुटली. मग ठाण्याहून नवी लस मागवायची आणि महिना दीड महिना हात चोळत बसायचं.

अठराशे ब्याऐंशीच्या माघात तो खालापूरच्या पलीकडे एका वाडीत होता. शेजारच्याच गावात देवी फुटली होती, दोन पोरं गेली होती. मंगळवारी तिन्हीसांजेला कडावहून माणूस आला. "आबाजी, वैनीला ताप भरलाय. छातीत कफ दाटलाय. चिंधीला शेलूहून आणलंय. तुमी चला."

दुसऱ्या दिवशी अकरा आया आपापली पोरं घेऊन येणार होत्या. एकाच पोराच्या दंडावर चांगला फोड भरला होता. आबाजी गेला असता तर साखळी तिथंच संपली असती. तो राहिला. बुधवारी दुपारपर्यंत त्यानं अकराही पोरं टोचली, मगच तट्टू हाकललं. कर्जतला अंधार पडला म्हणून मुक्काम केला. गुरुवारी सकाळी कडावच्या वेशीत शिरला तेव्हा माणसं नदीवरून परतत होती. सोनुबाई बुधवारी दिवेलागणीला गेली होती. त्याच्यासाठी थांबावं किती, म्हणून भावकीनं सकाळी उरकून घेतलं होतं.

"एवढा उशीर कसा रं झाला?" कुणीतरी विचारलं.

"तट्टू लंगडलं," आबाजी म्हणाला. तेच त्यानं चिंधीलाही सांगितलं.

त्यानंतरचे तीन पावसाळे त्यानं कर्जतलाच काढले. घराला कुलूप. परस आपलं आपण वाढलं, आपलं आपण सुकलं. मग नोकरी संपली, पेटी कचेरीत जमा झाली, आणि जाण्याजोगं दुसरं ठिकाणच उरलं नाही म्हणून पंच्याऐंशीच्या आषाढात आबाजी घरी आला.

परसात गवत कमरेएवढं. मांडव मोडून पडलेला. पण लिंबू जगलं होतं, रुई फोफावली होती, आणि कुंपणाला पडलेल्या शेंगांतून घेवडा पुन्हा उगवला होता. आबाजीनं विळा घेऊन गवत कापलं. लिंबाजवळ आला तर निम्मं झाड अळ्यांनी खाल्लेलं. हिरव्यागार, बोटाएवढ्या अळ्या. हात लावला की डोक्यातून तांबडी शिंगं काढायच्या आणि आंबूस वास सोडायच्या. सोनुबाईच्या हातचं झाड या अशा खाणार? आबाजी एकेक अळी काढून पायाखाली चिरडू लागला.

सातवी का आठवी अळी बोटांत धरली तेव्हा तिच्या डोक्याच्या मागं त्याला पांढरं काही दिसलं. तीन ठिपके, तांदळाच्या कणीपेक्षा लहान. खरवडले तर निघेनात, घट्ट चिकटलेले. सत्तावीस वर्षं कातडीवरचे ठिपके बघितलेला माणूस तो, हात आपोआप थांबला. आणि तशाच उन्हात, त्याच झाडाखाली उभी असलेली सोनुबाई त्याला ऐकू आली. किती वर्षांपूर्वीची कुणास ठाऊक.

"तिला मारू नका हो. तिच्या कपाळी सटवाई लिहून गेलीय."

त्या वेळी त्यानं काय केलं होतं? हसला होता बहुतेक. सटवाई सहाव्या दिवशी येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहिते, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. अळीच्या कपाळावर ती कशाला लिहील?

त्यानं ती अळी घरात आणली. कंदिलाची जुनी काच पाटावर उभी केली, आत लिंबाची डहाळी आणि अळी ठेवली, वर धोतराची चिंधी बांधली. दोन दिवसांनी अळीनं काचेला टेकून कोश केला. सोनुबाई अशा कोशांतून निघालेली फुलपाखरं चिंधीला दाखवायची, एवढं त्याला आठवत होतं. तो फुलपाखराची वाट बघू लागला. कोश हिरवा होता तो तपकिरी झाला, मग काळपट. एका सकाळी त्याला भोक पडलेलं होतं आणि पाटावर दोन पांढऱ्या, बिनपायाच्या अळ्या वळवळत होत्या. संध्याकाळपर्यंत त्या आखडून तांबूस दाणे झाल्या, ज्वारीएवढे. आबाजीनं ते दाणे टाकले नाहीत. अकराव्या दिवशी दाण्याची टोपी उघडली आणि आतून माशी निघाली.

त्यानं भिंग काढलं. पोरांच्या दंडावरचे फोड बघायचं ते भिंग, कचेरीनं मागितलं नव्हतं म्हणून राहिलेलं. माशी घरातल्या माशीच्या दीडपट होती. अंगावर राठ काळे केस, पाठीवर चार काळ्या रेघा, आणि तोंड चुन्यानं सारवल्यासारखं पांढरं.

म्हणजे हीच ती. ही अळीच्या कपाळावर पांढरं लिहून जाते, आणि लिहिलं तसंच होतं. पाखरू व्हायचं नशिबात नसतं. ज्या अळ्यांवर ठिपका आहे त्यांना मारायचं नाही, कारण त्यांच्यातून निघणाऱ्या माश्याच पुढच्या अळ्यांना आवर घालतात. सोनुबाईला हे सगळं ठाऊक होतं. लिंबाखाली उभं राहून तिनं ते एका वाक्यात त्याला सांगितलंही होतं.

आबाजी पाटाजवळ बसून राहिला. माशी काचेवर चढत होती, घसरत होती. सवत. कुंकवाली. त्या शेजारणी नव्हत्या तर. त्याला आता एकदम वाटलं, धावत जाऊन विचारावं, अगं, सवत कुठली? कुंकवाली कुठली? आणि आणखी कोण कोण येतं तुझ्याकडं? आत चूल थंड होती. जातं भिंतीला टेकून ठेवलेलं. घरात तिचं लुगडंसुद्धा उरलं नव्हतं, चिंधी घेऊन गेली होती.

तिच्या परसाची माहिती असलेलं एकच माणूस होतं. डोंगराच्या सोंडेवरच्या कातकरवाडीतली ठकी. ती मोळी घेऊन, पावसाळ्यात शेवळं आणि कंद घेऊन मागच्या दारी येई, आणि दोघी तासन् तास परसात बसत. भाद्रपदात पावसानं उघडीप दिली तसा आबाजी वाडीवर गेला.

तो दिसताच वाडीत हाकाटी झाली. "टोचणारा आला रं!" पोरं झुडपांत पळाली, बायांनी कुडाची दारं ओढून घेतली. दर साली असंच व्हायचं. पण आज त्याच्या हातात पेटी नव्हती, आणि रिकामे हात वर करून वाडीच्या मधोमध उभं राहताना त्याला फार ओशाळं वाटलं.

"सुई नाय आणली," तो मोठ्यानं म्हणाला. "ठकीबायला भेटाया आलोय."

एका झोपडीतून ठकी बाहेर आली. केस पांढरे झालेले, पण चाल तीच, ताठ. "काय काम हाय दादा?"

"सोनूच्या माश्या," आबाजी म्हणाला. चारचौघांत बायकोचं नाव त्यानं जन्मात पहिल्यांदाच घेतलं. "त्या मला दाखव. मला एकच कळली, सटवाई. बाकीच्या नाय वळखता येत."

ठकीनं त्याच्या रिकाम्या हातांकडं बघितलं. "ती व्हती तवा इचारायचं की," ती म्हणाली. रागानं नव्हे, पण लागायचं ते लागलं.

"तवा नाय इचारलं," आबाजी म्हणाला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ठकी मागच्या दारी आली. आत न येता थेट रुईपाशी गेली आणि उकिडवी बसली. रुईवर काळे पिवळे पट्टे असलेल्या अळ्या होत्या. आबाजीनं प्रत्येकीला भिंग लावलं. एकीवरही पांढरा ठिपका नव्हता.

"इथं नाय काही," तो म्हणाला.

"गप बसा जरा," ठकी म्हणाली.

थोड्या वेळानं एक लहानशी करडी माशी आली. अळीकडं तिनं ढुंकूनही बघितलं नाही. अळी खात होती त्याच पानाच्या कडेकडेनं ती चालली, मागचा भाग पानाला टेकवत टेकवत, आणि उडून गेली.

"ही सवत," ठकी म्हणाली. "सटवाई समद्यांच्या म्होरं लिवती. हिचं लिवनं दिसत नाय. पानावर टाकती अन् जाती. अळी पान खाती, आपल्याच तोंडानं तिला घरात घेती. मंग बसा रडत. सोनूबाय म्हनायची, सवत अशीच येती बग, आपुन जेवत असताना."

आबाजीनं ते पान तोडून भिंगाखाली धरलं. पानाच्या कडेला काळे कण होते, धुळीहून बारीक. भिंगाशिवाय ते दिसणंच शक्य नव्हतं. सोनुबाईकडं भिंग नव्हतं. तिनं नुसतं बघून बघून ताडलं होतं. काही दिवसांनी रुईवरच्या एका लोंबत्या कोशातून बारीक तारेवरून उतरावं तशा पांढऱ्या अळ्या जमिनीवर उतरताना त्यानं स्वतः बघितल्या, तेव्हा त्याला खात्री पटली.

कार्तिकात ठकी पुन्हा आली तेव्हा कुंपणाचा घेवडा फुलला होता. शेंगांवर हिरवे ढेकूण बसले होते. त्यांच्यावरून गोल पोटाची एक माशी घिरट्या घालत होती, पोट असं लालभडक की कुंकवाचा करंडाच. ही कुंकवाली, हे आबाजीला सांगावंच लागलं नाही. तो पोरासारखा खुलला. तीन झाल्या. जुन्या तक्त्यांच्या कोऱ्या पाठीवर त्यानं तिघींची वर्णनं लिहून ठेवली होती, ती ठकीला वाचून दाखवली.

"आता संपल्या ना?" त्यानं विचारलं.

ठकी पदर तोंडाला लावून हसली. "एक राहिला."

"राहिला? माश्याच ना साऱ्या?"

"ह्यो बाप्या व्हता. ह्याला ती कारभारी म्हनायची."

आबाजीला क्षणभर उमगलं नाही. मग कानाच्या पाळ्या तापल्या. सोनुबाई त्याला हाक मारायची ती तीच. कारभारी, पानं वाढलीत. कारभारी, छत्री विसरलात.

"कसा दिसतो तो?"

"आत्ता नाय दिसायचा. माघात येतो. तुमी फिरतीवर असता तवा. तो आला का ती हातातलं काम ठेवायची अन् जाईस्तोवर बघत बसायची. मी म्हनायची, काय गं बघतीस येवढं? तर म्हनायची, येऊ तरी दे की त्याला."

"ठकीबाय, तू माघात ये. दाखव मला."

"माघात आमी नसतो हितं. कोळशाच्या भट्टीवर जायाचं, पार घाटावर. शिमग्याच्या बी नंतर येऊ."

"मग मी वळखू कसा?"

ठकीनं मोळीची दोरी खांद्यावर टाकली. "आपला मानूस वळखत नाय व्हय कुनी?" म्हणाली आणि गेली.

पौष आला. सत्तावीस वर्षांत आबाजीनं आपल्या गावचा पौष बघितला नव्हता, आणि माघ बघितला तो एकदाच, सुतकातला. खाचरांत वाल फुलला होता आणि सकाळच्या धुक्यात त्याचा वास घरात येऊन बसे. उन्हं चढली की सोनुबाईच्या परसात असा काही उजेड पसरे की त्याला वाटे, हे सारं असताना मी कुठं होतो? पावसाळ्यातलं परस त्याला ठाऊक होतं, ते चिखलाचं, शेवाळाचं, अंधारलेलं. तिचं खरं परस हे होतं. तो पाठमोरा झाला की ते फुलत असणार. लोकांच्या वाड्यांवर तो पोरांचे दंड धरून बसला असताना ती इथं या उन्हात एकटी वावरायची.

तो रोज सकाळपासून परसात बसू लागला. माघ लागला तशी माश्यांची गर्दी झाली. तुळशीवर पिवळे काळे पट्टे असलेली एक माशी येई, जागच्या जागी उडे. कारभारी? नव्हे, ती पावसाळ्यातही दिसायची. आंब्याच्या मोहोरावर निळ्या चमकत्या माश्यांचे थवे. नव्हे, त्या सगळ्यांच्या घरच्या. लांब पायांची एक शिकारी माशी फांदीवर दबा धरून बसे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला झडप घाली. सोनुबाईनं नवऱ्याला हे नाव दिलं असेल का? तो दिवसभर खंतावला. मग त्याला आठवलं की ठकी हसली होती, आणि त्या माशीत हसण्यासारखं काही नव्हतं.

माघ वद्यात, तिचं श्राद्ध दोन दिवसांवर आलं असताना, तो बांधाजवळ बसला होता. बांधाच्या उन्हाकडच्या अंगाला बारीक बारीक भोकं होती. मधमाशीच्या जातीच्या, पण एकएकट्या राहणाऱ्या रानमाश्या त्यांत घरं करतात, परागाचे गोळे नेऊन ठेवतात, आत पिलं वाढवतात. एका भोकासमोर त्याला काहीतरी हवेत टांगल्यासारखं दिसलं.

धुळीच्या रंगाचं, लोकरीसारखं केसाळ अंग. पंख इतके भरभर की दिसतच नव्हते. आणि तोंडापुढं लांब, सरळ, बारीक सुई. आबाजी श्वास धरून बघत राहिला. तो केसाळ प्राणी भोकाच्या तोंडाशी आला, अंगुळभर अंतरावर हवेत थांबला, मागचा भाग झटकून काहीतरी आत टाकलं आणि मागं सरला. भोकाला त्याचा पायसुद्धा लागला नाही. मग दुसरं भोक. तिथंही तसंच. कुठंच आत शिरला नाही, कुठंच टेकला नाही. शेवटी बांधावरच्या एका रानफुलात उडता उडताच सुई खुपसली आणि गेला, कुठं गेला तेही कळलं नाही.

आबाजीनं भिंगाला हात लावला नाही. काही वर्णन लिहिलं नाही. धुळीनं माखलेली आपली घोंगडीची बंडी त्याला दिसली, पेटीतल्या सुया दिसल्या, आणि आपलं दरसालचं येणं. दाराशी येणारा, जे टाकायचं ते बाहेरूनच टाकणारा, आणि पुढच्या दाराला जाणारा. यात चूक कुठं होती? तिनं बरोबर ओळखलं होतं. बरोबर ओळखलं होतं हेच त्याला सोसेना. आणि मग ठकीचे शब्द आठवले. हातातलं काम ठेवून ती जाईस्तोवर बघत बसायची. येऊ तरी दे की त्याला.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी चिंधी शेलूहून आली. बाप परसात उन्हात बसलेला, डोळे सुजलेले.

"बा, काय झालं? उन्हात का बसलास असा?"

आबाजीनं तिला शेजारी बसवलं. चार वर्षं लपवलेलं ते त्यानं एकदाचं सांगून टाकलं. "चिंधे, त्या वेळी तट्टू लंगडलं नव्हतं. निरोप मला मंगळवारीच मिळाला होता. मी बुधवारचे फोड घ्यायला राहिलो. तुझी आय मरत होती आणि मी लोकांच्या पोरांना टोचत बसलो."

चिंधीनं बापाच्या डोक्यावर पदराची सावली धरली. मग म्हणाली, "ठाऊक हाय मला."

"कुणी सांगितलं?"

"आयनंच. निरोप्या निघाला तवा तिनं मला इचारलं, आज वार कंचा? मी म्हनलं मंगळवार. तर म्हनाली, मग आज उद्या नाय यायचे ते. उद्या बुधवार. बेस्तरवारी येतील." चिंधीनं हातातलं वाळकं पान चुरडलं. "मी लय चिडले, बा. म्हनलं, बायकोपरास फोड मोठा झाला का? तर मलाच दटावलं. म्हनाली, आपल्या थोरल्याच्या वक्ती असं कुणी थांबलं असतं तर तो वाचला असता. थांबू दे त्यांना. मी ऱ्हाते बेस्तरवारपावतर."

"ऱ्हाते म्हणाली?"

"म्हनाली. बुधवारी दिवसभर दाराकडं तोंड करून पडली व्हती. दोनदा म्हनाली, आता त्यांचं आटपलं असंल. मग नाय जमलं तिला."

आबाजीनं तोंड पंच्यात झाकलं. चिंधीनं त्याला रडू दिलं. ऊन बांधावरून सरकेपर्यंत दोघं तिथंच होती. मग त्यानं विचारलं, "तू मला का नाय सांगितलंस?"

"तू तट्टू म्हनालास," चिंधी म्हणाली. "मला वाटलं, तुला तेच बरं वाटत असंल."

दुसऱ्या दिवशी श्राद्ध झालं. कावळा शिवायला वेळ लागला नाही. चिंधी तीन दिवस राहिली, आणि त्या तीन दिवसांत आबाजीनं तिला बायकोविषयी इतकं विचारलं की ती हसून म्हणाली, "बा, तू तिच्याशी लगीन तरी लावलं व्हतंस का?" सोनुबाईला घोसाळ्याची भजी आवडत नव्हती, हे त्याला तेव्हा कळलं. ती दर साली करायची, कारण त्याला आवडत.

पुढं आबाजी दहा अकरा वर्षं जगला. परस त्यानं पुन्हा उभं केलं, मांडव घातला. गावातल्या बाया लिंबावर अळी पडली की त्याला बोलवायच्या, आणि तो भिंग लावून सांगायचा, हिला मार, हिला ठेव, हिच्यावर सटवाईचं आहे. लोकांना ते नाव पटलं. माघ महिन्यात मात्र त्याला बोलवायला कुणी जात नसे. त्या महिन्यात तो बांधाजवळून हलत नाही, हे गावाला ठाऊक झालं होतं.

मरायच्या आधी एक दोन वर्षं असेल, आश्विनात त्याला पडवळाच्या वेलावर एक माशी दिसली. बारीक, सडपातळ, काळीभोर, पंखांच्या टोकांना धूर लागल्यासारखी काळसर छटा. पडवळाची पानं गुंडाळणाऱ्या अळीच्या मागं ती हात धुवून लागली होती. आबाजीनं काचेखाली अळी ठेवली, दाणा झाला, तीच माशी निघाली. सोनुबाईच्या नावांत ही कुठंच बसेना. त्यानं ठकीला बोलावून दाखवलं. ठकीला आता डोळ्यांनी अंधुक दिसायचं. तिनं काच तोंडाजवळ धरून बघितली आणि मान हलवली.

"ही नव्हती तवा. नवी आली असंल कुठनं. तुमीच ठेवा की नाव."

"मी?" आबाजी म्हणाला.

तो दोन दिवस विचार करत होता. दोन चार नावं त्याच्या मनात आली, ती त्यानं स्वतःशी उच्चारूनही बघितली. एकातही ती गंमत उतरेना. तिनं हिला काय म्हटलं असतं? ती माशी वेलावर हिंडताना बघून तिला कोण आठवलं असतं, गावातली कुठली बाई, कुठला सोयरा? तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं काचेवरची चिंधी सोडली. माशी काठावर चढली, पंख पुसले, आणि पडवळाच्या मांडवाकडं निघून गेली. कागदावर तिचं वर्णन त्यानं नीट लिहिलं, आणि नावाची जागा कोरी ठेवली.